जाधव सर आणि रंगाचं दुकान

जाधव सर कुठल्याही गोष्टीचे आधी गुण सांगत, मग दोष. ते माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "गुण म्हणजे, गरम आहे." आणि कप खाली ठेवला. दोष त्या दिवशी सांगितले नाहीत, कारण काम मागायला आले होते. काम मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितले.

भिंगारच्या बाजारात एका गल्लीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सर लष्कराच्या एका खात्यात सिव्हिलियन क्लार्क होते, खात्याच्याच क्वार्टरमध्ये राहत आणि कचेरी सुटली की सायकलवरून माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचेस घ्यायला येत. उंच, वाळलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी लाल-निळी पेन्सिल. निळ्या टोकानं गुण, लाल टोकानं दोष. लाल टोक अर्थातच लवकर झिजे. पण निळं टोक वापरायचंच, असा त्यांचा दंडक होता. मुलांच्या सरावाच्या कागदावर काहीच धड नसेल तर "समास सरळ आहे" असं निळ्या अक्षरांत लिहीत आणि मग लाल टोक फिरवून कागदाचं पार रान करत.

मला ते फारसे आवडत नसत, हे सांगून टाकते. कामाला चोख होते, मला तेवढं पुरे होतं. पण माणूस सतत तपासत असला की त्याच्याजवळ बसणं अवघड जातं. माझ्या इन्स्टिट्यूटच्या पाटीत त्यांनी चूक काढली. माझ्या नवऱ्याच्या स्कूटरच्या आवाजात चूक काढली. खात्यातला एक साहेब त्यांना फार छळायचा. त्याचे गुण काय, असं मी मुद्दाम विचारलं. विचार करून म्हणाले, "बदली होणार आहे."

एकदा आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. सरांनी ती उभ्याउभ्याच वाचली. पेन्सिल काढली. "गुण म्हणजे, कागद जाड आहे, शाई पसरलेली नाही. दोष, लग्न कुठं आहे ते छापायचं राहिलंय."

वडिलांनी निम्म्या पत्रिका वाटून टाकल्या होत्या. ते लालबुंद झाले. "तुम्हाला विचारलं होतं का हो कुणी?"

"बोललेलं असतं तर सोडून दिलं असतं," सर म्हणाले. "छापलेलं सोडता येत नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. तोंडी बोलण्यात माणसं काय वाटेल ते बोलतात, त्याला सर हरकत घेत नसत. पण कागदावर उतरलं की ते सरांच्या ताब्यात आलं.

पुढं टायपिंगचे दिवस सरत आले, हे मला कळत होतं. मी मशिनं निम्मी काढली आणि पुण्याहून जुने कॉम्प्युटर आणले. ते शिकवायला रेखा जाधव आली. बाविशीतली, श्रीगोंद्याकडच्या बागायतदाराची मुलगी, नगरला होस्टेलवर राहून डिप्लोमा केलेली. हुशार, तोंडाळ, आणि कुणाला न घाबरणारी. दोघांचं आडनाव एक, म्हणून मुलं त्यांना मोठे जाधव आणि धाकट्या जाधव म्हणत. नवी मुलं तर काका-पुतणीच समजत. नातं काहीच नव्हतं. रेखा शहाण्णव कुळी मराठा. सर पाथर्डीकडच्या एका गावातले, बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला तेव्हा सर शाळेत होते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि आमच्यात कधी त्याचा विषय निघाला नाही.

कॉम्प्युटरबरोबर पुण्याच्या विक्रेत्यानं आतमध्ये एक गेम फुकट टाकून दिला होता. अमेरिकेतलं कुठलं तरी शहर. त्यात आपण एक गुंड. गाड्या चोरायच्या, टोळीवाल्यांची कामं करायची, पोलिसांच्या हातावर तुरी द्यायच्या. सगळं शहर वरून दिसायचं, घारीला दिसावं तसं. मुलं एक्सेल शिकायची सोडून त्याच्यावर तुटून पडली. महिनाभरात एक हवालदार पालक तक्रार घेऊन आले.

"मॅडम, पोराला टायपिंगला घातलंय. दरोडा घालायला न्हाई."

मी रेखाला म्हटलं, काढून टाक. सर पलीकडे कागद तपासत बसले होते, त्यांनी मान वर केली.

"न तपासता नापास करू नये."

"सर, चोऱ्यामाऱ्यांचा गेम आहे. त्यात तपासायचं काय?"

"तुम्ही पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. मला वेळ नव्हता. सरांनी आठ दिवस मागून घेतले. संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की मी हिशेब आवरेपर्यंत ते रेखाला शेजारी बसवून गेम तपासू लागले. हातात पेन्सिल, समोर कोरा कागद.

"सर, आदी गाडी चोरायला लागती," रेखानं सांगितलं. "त्याबिगर पुढं सरकत न्हाई."

"मी चालत जाईन."

"कुटं?"

"बघू कुठं रस्ता जातो ते."

आणि खरोखरच तो गुंड फूटपाथवरून चालायला लागला. कोपऱ्याकोपऱ्यावर फोन वाजत होते, फोन उचलला की टोळीचा कुणीतरी म्होरक्या काम सांगायचा. सरांनी एकही फोन उचलला नाही. रस्ता ओलांडायचा तर सिग्नलला थांबायचे. एकदा हिरवा दिवा बघून निघाले आणि एका मोटारीनं त्यांना चिरडलं. रेखा टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली.

"सर, मेला तुमी!"

"चूक त्याची होती. पंचनामा व्हायला पाहिजे."

"हितं पंचनामा न्हाई सर. परत जिवंत व्हायचं आन चालू पडायचं."

"हा दोष," सर म्हणाले आणि लाल टोकानं लिहून घेतलं. "मरणाला काही किंमत नाही."

शेवटी तिच्या आग्रहाखातर त्यांनी एक गाडी घेतली. चोरली म्हणायला ते तयार नव्हते. ती डाव्या बाजूनं हाकू लागले. तिकडं उजवीकडून चालतात, हे रेखानं ओरडून सांगेस्तोवर समोरच्या चार गाड्यांना धडकून झालं होतं. पोलीस मागे लागले. मग रेखानं कळफलक ओढून घेतला आणि गाडी एका गॅरेजसारख्या जागेत घातली. आत गेली तेव्हा लाल होती, बाहेर आली ती निळी. पोलीस शेजारून निघून गेले.

"हे काय झालं?" सरांनी विचारलं.

"रंगाचं दुकान हाय हे. आत गेलं की गाडीला नवा रंग. पोलीस इसरून जातात."

"माणूस तोच?"

"माणूस त्योच."

"आणि त्यानं केलेलं?"

"रंगासंगं गेलं ना!"

सरांनी बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली. मग लाल टोकानं लिहिलं.

हे सगळं मी हिशेब करता करता कानानं ऐकत होते. मला त्यात गंमत वाटत होती, एवढंच. पण याच दिवसांत सरांचं दुसरं एक काम चाललं होतं, आणि त्यात मात्र गंमत नव्हती. ते रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. त्यांच्या मंडळींचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढणं जमत नसे, डॉक्टर भिंगारचेच. म्हणून तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं हव्या होत्या, भिंगारात नाहीतर नगरात. आमच्या दोन खोल्यांत आम्हीच सहा माणसं, तेव्हा माझ्याकडून द्यायला काही नव्हतं, माझ्या टेबलावरच्या फोनशिवाय.

फोनवर सरांना घर लगेच मिळे. त्यांची भाषा इतकी शुद्ध आणि नेमकी की पलीकडचा माणूस "या ना, अवश्य या" म्हणे. दुसऱ्या दिवशी सर जाऊन येत आणि रिपोर्ट देत.

"गुण म्हणजे, उजेड भरपूर आहे. दोष, मालकांच्या पुतण्याचं लग्न ठरलंय. खोल्या त्यांनाच लागणार."

चार दिवसांनी दुसरं घर. "गुण, नळ दारात आहे. दोष, यांच्याही पुतण्याचं लग्न."

तिसऱ्या घरावरून आले तेव्हा रुमालानं मान पुसत म्हणाले, "मॅडम, यंदा नगरमध्ये पुतणे फारच लग्नाचे झालेत."

आमच्याकडे घर देताना आडनाव विचारून भागत नाही. जाधव म्हणजे कुठले, असं विचारतात. गाव सांगितलं की पाव्हणे कोण, म्हणतात. माणूस कुठं बसतो ते पाव्हण्यांवरून ठरतं. सर विचारलं की सांगत, न विचारताही सांगत. फोनवर मिळालेलं घर दारात गेल्यावर जाई.

गेमची तपासणी संपायच्या आदल्या दिवशीचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. सर गुंडाला एका इमारतीपाशी नेऊन भिंतीला लावत होते. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"आत जायचं बटण कुठलं?"

"आत जाता येत न्हाई सर."

"यातल्या कुठल्याच घरात?"

"कुटल्याच न्हाई. नुसत्या भिंती हायेत. वर छपरं काढलीत, झालं."

"मग हा राहतो कुठं?"

"कोन?"

"हा. आपला माणूस."

रेखानं पडद्याकडे बघितलं, मग सरांकडे. "ऱ्हात न्हाई कुटंच. फिरतो नुस्ता."

मी हिशेबाचा आकडा चुकवला आणि परत वरून बेरीज धरली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला निकाल सांगितला. कागद पुढ्यात होता, पण त्यात न बघता सांगितला. एवढं मोठं शहर केलंय आणि कुठं जावं हे कुणी सांगत नाही, हा मोठा गुण. कुठल्याही रस्त्यानं जा, कुणी हटकत नाही. वरून बघताना माणसाचं नुसतं डोकं दिसतं, तोंड दिसत नाही, कुणाला नाव-गाव नाही, हाही गुणच. पोलीस मागे लागतात ते तुम्ही काय केलंत म्हणून, तुम्ही कोण म्हणून नव्हे. "हे मला फार आवडलं," असं ते म्हणाले. सरांच्या तोंडी हे शब्द मी आधी ऐकले नव्हते. दोष म्हणजे, कष्टाचं एकही काम नाही, चोरीनंच सुरुवात करावी लागते, हुकूम सोडणाऱ्याचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही, मरणाला किंमत नाही. रंगाचं दुकान. आणि दारं नाहीत.

"मग काय? पास की नापास?"

"पास. काठावर."

मुलांना एक तासाचं काम झाल्यावर दहा मिनिटं, असं ठरवून गेम राहिला. हवालदारांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. काहीतरी सांगून घालवलं असणार.

सर रिटायर झाले. खात्यानं क्वार्टर खाली करायची नोटीस दिली. पुतण्यांची लग्नं थांबत नव्हती. तेव्हा एका दुपारी रेखा माझ्या टेबलापाशी येऊन बसली. सरही होते.

"सर, माझ्या मामाचं सावेडीला घर हाय. तात्या म्हनतात त्यांना. खालच्या दोन खोल्या मोकळ्या हायेत. मी बोलून ठेवलंय."

"काय बोललीस?"

"जाधव हायेत म्हनलं. खरंच हाय की."

"पाव्हणे विचारतील."

"इचारलं. आमच्या वडलांचे, आप्पांचे चुलतभाऊ लागतात म्हनून सांगितलं." ती खाली बघत पेनाचं टोपण काढघाल करत होती. "आईला मी बगते. तुमी काईच बोलू नका. नुस्तं गप ऱ्हावा. गेममदी न्हाई का, रंग दिला की झालं!"

"ते मी दोषांत घातलंय, रेखा."

"घाला की. पन काकूंचे गुडगे कुटं घालनार?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्पष्ट सांगितलं, "सर, घर घ्या. बायको जिना चढू शकत नाही, बाकीचं सगळं नंतर." तो सल्ला मला आजही चुकीचा वाटत नाही. ज्यांनी खऱ्या बोलण्यावर दारं लावून घेतली त्यांना खरं ऐकायचा काय हक्क होता, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सर रेखाबरोबर सावेडीला गेले. तात्यांनी विचारलं, "म्हंजी रेखाचे चुलते तुमी?" रेखाच आधी "व्हय" म्हणाली. तात्या म्हणाले, "मंग घरचेच म्हना की!" सर गप्प राहिले. बोललेलं होतं, सोडून देता आलं.

सामान हललं. त्यांच्या घरी निळं कापड अंथरलेल्या फळीवर दोन तसबिरी असत, त्या सावेडीला फळीवर चढल्या नाहीत. काकूंनी त्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. मी घर बघायला गेले तेव्हा काकू दारात खुर्ची टाकून उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. तात्यांच्या मंडळींनी ताटलीत घेवड्याची भाजी दिली होती. तात्या शेतातून आले की सरांसाठी ऊस आणत, पायरीवर बसून पेपरातल्या बातम्या त्यांना विचारत. माणूस खरोखर चांगला होता. हेच त्यातलं वाईट.

उन्हाळ्यात तात्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. छापखान्यातून पत्रिकेचं प्रूफ आलं, ते घेऊन तात्या संध्याकाळी सरांकडे आले. "सर, तुमी शिकलेले. जरा नजर टाका. घाई न्हाई, सकाळी द्या."

पुढचं मला सरांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, माझ्या टेबलासमोर बसून, चष्मा हातात धरून.

पत्रिकेत तशी चूक नव्हती. मुहूर्त होता, ठिकाण होतं, जेवणाची वेळ होती. खाली 'आपले नम्र' होतं आणि त्याखाली घरच्यांची आणि पाव्हण्यांची नावं. पहिलं तात्यांचं. त्याच्या लगेच खाली सरांचं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं श्रीगोंदा. तात्यांनी न सांगता घातलं होतं, सरांना आनंद व्हावा म्हणून.

"गुण म्हणजे," सर मला म्हणाले, "सख्ख्या भावांच्या आधी माझं नाव घेतलं होतं. एवढा मान मला आजवर कुणी दिला नाही. दोष, तो मला नव्हता."

"मग? काय केलंत?"

"खूण केली."

नावाभोवती लाल गोल, आणि समासात, 'हे नाव येथे चुकीने आले आहे.' सकाळी प्रूफ तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, त्यांना वाटलं सर भिडेखातर नको म्हणताहेत. म्हणाले, "अवो, तुमी घरचेच!" तेव्हा सर म्हणाले, "तात्या, आम्ही बौद्ध आहोत. गाव पाथर्डीकडचं."

मला राग आला. अजून येतो. "सर, लग्न झालं की पत्रिका रद्दीत जाते. एक नाव होतं."

"छापलेलं होतं, मॅडम."

"काकू काय म्हणाल्या?"

ते तात्यांचंच सांगत राहिले.

तात्या ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. पत्रिकेची घडी घातली, सरांच्या घरातल्या रिकाम्या फळीकडे बघितलं, चहा झाला का विचारलं. दुपारी परत आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. लग्नाला पाव्हणे येणार, खोल्या लागतील, असं म्हणाले. सर माझ्यासमोर चष्मा पुसत म्हणाले, "या वेळी पुतण्या खरा होता. एवढा फरक."

रेखाचं काम त्याच आठवड्यात सुटलं. आप्पांचा नसलेला चुलतभाऊ तिनं मामाच्या घरात आणून बसवला होता, आणि तोही कोण. आईनं होस्टेलवरची ट्रंक उचलायला भाऊ पाठवला. तो बाहेर टेम्पोत बसला होता, ती किल्ली द्यायला आत आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का होता. सर पलीकडे उभे राहिले.

"सर, एक नाव ऱ्हायलं असतं तर काय बिगडलं असतं?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता आधी गुण सांगतील. पण ते नुसते उभे राहिले.

"तुमी सगळ्या जगाचं तपासता," रेखा म्हणाली. "माजं काय हुईल ते तपासलं न्हाई."

ती गेली. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिचं लग्न उरकल्याची बातमी आली, कुठं दिलं ते नीट कळलं नाही. तिच्या जागी मी एक मुलगा नेमला, तो बरा होता. गेम मी काढून टाकला. कुणी मागितला नाही, आता मुलांकडे दुसरा होता.

सरांना घर मिळालं केडगावच्या बाजूला, त्यांच्याच समाजातल्या एका मास्तरांनी बांधलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खाली सगळं भरलेलं होतं. तिथून भिंगार लांब पडे. थोडे दिवस आले, मग यायचं थांबवलं. त्यांचं एक सर्टिफिकेट माझ्याकडे राहिलं होतं, ते द्यायला मी दिवाळीनंतर गेले.

जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. वर गेल्यावर पहिल्यांदा दिसली ती फळी. निळं कापड, दोन तसबिरी, ताजी फुलं. काकू गॅलरीत खुर्चीवर होत्या. चौघांनी खुर्चीसकट वर आणलं त्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. डॉक्टर वर यायला तयार नव्हता.

"या ताई," त्या म्हणाल्या. "बसा. आता मी माणसं टाळूवरून ओळखते. तो बघा, तो टक्कलवाला चालला ना, तो पोस्टमन."

"त्रास होत असेल," मी म्हटलं.

"होतो की. पण हे ट्रंकेतून बाहेर आले," फळीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "सावेडीला झोप लागत नव्हती मला. दारात ऊन होतं, सगळं होतं. पण ह्यांना डांबून ठेवल्यासारखं वाटायचं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तरी पाय ते पायच. ते काही ऐकत नाहीत."

सरांनी सर्टिफिकेट घेतलं, न वाचता कपाटात ठेवलं. न वाचता. शर्ट तोच, पांढरा. खिसा रिकामा.

"मॅडम, तो गेम आहे अजून?"

"काढला."

"बरं." ते खिडकीकडे बघत होते. "माझ्या तपासणीत एक चूक राहिली. रंगाचं दुकान मी दोषांत घातलं होतं."

"मग?"

"ते गुणांत हवं होतं."

काकू गॅलरीतून ऐकत होत्या, त्यांनी पदर सारखा केला आणि "दूध नाही, चहाला आणता का?" असं सरांना विचारलं. मी नको म्हणत होते, तोवर सर पिशवी घेऊन निघालेही होते.

मी गॅलरीत काकूंशेजारी उभी राहिले. सर जिन्यातून रस्त्यावर आले. वरून त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं, पांढरं, मधे विरळ झालेलं, आणि खाली हलणारी पिशवी. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालले होते. चौकात सिग्नल नव्हता, गाडीही नव्हती, तरी ते थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि मग ओलांडलं.

पलीकडे एका नव्या बंगल्याच्या फाटकावर पाटी लटकवलेली होती. खालच्या खोल्या भाड्यानं देणं आहे, असलं काहीतरी. मला वरून मोठी अक्षरं तेवढी वाचता येत होती. सर तिच्यासमोर थांबले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एवढा वेळ थांबले. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, आत काही नव्हतं, तो तसाच परत आला. आत एक बाई अंगण झाडत होती. तिनं झाडू थांबवून फाटकाबाहेरच्या माणसाकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं.

सरांनी मान हलवली, नाही अशी, आणि दुधाच्या दुकानाकडे चालू लागले.